डोळ्यांना दिसतात पाच आणि नऊ, जिभेवर येतो साठ

परवा भाचीला माझ्या फोनवर आलेला ओटीपी वाचून दाखवत होतो. ती आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर, मी बाहेर. मी म्हणालो, "एकोणसाठ, त्र्याऐंशी, सत्तेचाळीस." आतून थोडा वेळ नुसती शांतता. मग, "मामा, चुकीचा आहे म्हणतोय." उठून पाहिलं तर तिने टाइप केलं होतं ६९८३४७. हवं होतं ५९८३४७.

"तू साठ म्हणालास ना? मग सहाच लिहिणार ना मी! आकडे इंग्लिशमध्ये सांगत जा सरळ."

हसू आलं, पण तिच्या बोलण्यात तथ्य होतं. स्क्रीनवर पाच होता आणि नऊ होता. मी उच्चारलेल्या शब्दात पाचही नव्हता, नऊही नव्हता. त्यात 'एक' होता, 'ऊन' म्हणजे कमी होतं आणि 'साठ' होता. डोळ्यांनी एक पाहिलं, तोंडाने भलतंच सांगितलं, आणि तरीही मी बरोबर होतो!

मी काही फार शहाणा नाही. त्याच आठवड्यात एक पावती मोठ्याने वाचताना ५९ बघून मी 'एकोणपन्नास' म्हणालो होतो. रक्कम किती आहे हे मला नीट कळलं होतं, पैसेही बरोबर मोजून दिले होते. चुकली ती फक्त जीभ.

आकडा चुकला की आपण लगेच 'गणित कच्चं आहे' म्हणून मोकळे होतो. पण संख्या कळणं आणि संख्या बोलणं ही मेंदूतली दोन वेगळी खाती आहेत. त्यांच्यात कागदपत्रं सतत इकडून तिकडे जात असतात, आणि बऱ्याचशा चुका या वाटेतल्या असतात.

चेहरा, नाव आणि उंची

आधी दोन शब्द ठरवून घेऊ. शून्य ते नऊ ही चिन्हं म्हणजे अंक. 'एकोणसाठ', 'तीनशे' हे बोलायचे शब्द म्हणजे संख्यानामं. पुढे हेच वापरतो.

ओळखीचा माणूस समोर आला की चेहरा पटतो. तो आपल्यापेक्षा उंच की बुटका हेही माहीत असतं. आणि नेमकं नाव आठवत नाही. चेहरा, उंची आणि नाव एकाच माणसाचं, पण डोक्यात तिघांची जागा वेगळी. संख्येचंही असंच आहे, असं फ्रेंच संशोधक स्तानिस्लास देहेन यांनी १९९२ साली मांडलं. अंकांत लिहिलेली संख्या हा चेहरा, संख्यानाम हे नाव, आणि 'साठच्या आसपास, पन्नासहून बरीच जास्त' ही जी जाणीव होते ती उंची. चेहरा ओळखण्याचं काम मेंदूच्या मागच्या, खालच्या भागात चालतं. नावं राहतात भाषेच्या भागांत, बहुतेकांच्या डाव्या बाजूला. उंचीची जाणीव दोन्ही बाजूंना, डोक्याच्या वरच्या मागच्या भागातल्या एका खाचेजवळ.

ही 'उंची' शब्दांशिवायही काम करते, याचा सुंदर पुरावा १९६७ सालचा आहे. मोयर आणि लँडॉअर यांनी लोकांना दोन अंक दाखवून विचारलं, मोठा कोणता? २ आणि ९ मधला मोठा लोक पटकन सांगत. ८ आणि ९ मधला सांगायला जास्त वेळ लागे, चुकाही जास्त होत. नुसतं चिन्ह ओळखून उत्तर द्यायचं असतं तर हा फरक पडायचं कारण नव्हतं. दोन माणसांच्या उंचीत वीतभर फरक असला तर लांबूनही कळतं, बोटभर असला तर जवळजवळ उभं करून पाहावं लागतं; तसंच हे.

आता नाव निसटलं तर काय होतं ते बघा. बेन्सन आणि डेंक्ला या डॉक्टरांनी १९६९ साली एका रुग्णाची नोंद केली. मेंदूला इजा झालेल्या या माणसाला ४ + ५ किती असं विचारलं. तोंडाने तो म्हणाला 'आठ'. कागदावर लिहिलं ५. आणि उत्तरांची यादी समोर ठेवली तर त्यातून बरोबर ९ निवडला.

एकाच बेरजेची तीन उत्तरं, आणि त्यातलं खरं उत्तर त्याला ठाऊक होतं. फक्त तोंडाची परीक्षा घेतली असती तर आपण म्हणालो असतो, याला साधी बेरीज येत नाही.

उजवीकडून मोजायचं, डावीकडून बोलायचं

आकडा तोंडापर्यंत येतो कसा? शब्द वाचताना डोळे डावीकडून सुरुवात करतात आणि तोंडही. संख्या वाचताना असं चालत नाही. पुढे स्वल्पविरामाशिवाय लिहितो: ४७३०५१२. पहिला शब्द कोणता बोलायचा? 'चार', 'सत्तेचाळीस' की 'चारशे'? हे ठरवायला आधी एकूण अंक किती आहेत ते पाहावं लागतं, म्हणजे शेवटपर्यंत जाऊन यावं लागतं. सात अंक निघाले की कळतं, दोन दोनच्या गटांत गेलो तर पहिला गट सत्तेचाळीस, आणि तो लाखांचा. मग मेंदू एक रिकामा साचा तयार करतो: अमुक लाख, अमुक हजार, अमुकशे, अमुक. या साच्यात शब्द बसवत जायचं. सत्तेचाळीस लाख, तीस हजार, पाचशे, बारा. स्वल्पविराम दिले की काम हलकं होतं, कारण साचा आयताच मिळतो.

लहान मुलं 'तीनशे पाच' ऐकून ३००५ लिहितात. ती वेडी नसतात. त्यांनी 'तीनशे' ऐकलं, ३०० लिहिलं; 'पाच' ऐकलं, ५ लिहिला. शब्द दोन्ही बरोबर, साचा अजून पक्का झालेला नाही, एवढंच. शून्याला बोलण्यात आवाज नसतो, त्यामुळे त्याची जागा धरून ठेवायची जबाबदारी सगळी साच्यावर येते.

साचा वेगळा आणि शब्द वेगळे, हे कशावरून? इथे पुन्हा रुग्णच शिकवून जातात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले मायकेल मॅक्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये एका रुग्णाचा सविस्तर अभ्यास छापला. त्यांच्या लिखाणात तो 'एचवाय' एवढ्याच अक्षरांनी ओळखला जातो. लिहिलेली संख्या त्याला समजत असे, पण मोठ्याने वाचताना चुकत असे. आणि चुकायचा कसा, यातच सगळी मौज आहे. समोर एकेरी अंक असला तर चुकीचा शब्दही एकेरीच. अकरा ते एकोणीसमधली संख्या असली तर चुकीचा शब्दही त्याच घरातला. वीस, तीस, चाळीस अशा दशकांच्या जागी चुकून दुसरं दशकच यायचं. 'सात'च्या जागी 'सत्तर' असं घर ओलांडून होत नसे.

याचा अर्थ डोक्यातली संख्यानामं एका लांबलचक रांगेत उभी नाहीत. ती खणांच्या कपाटात आहेत. एककांचा एक खण, दशकांचा दुसरा. साचा सांगतो कोणता खण उघडायचा, अंक सांगतो त्या खणातली कितवी वस्तू काढायची. एचवायचा हात योग्य खणात जात होता, पण शेजारची वस्तू उचलत होता.

स्टेशनवरच्या घोषणेसारखं

शब्द सापडला म्हणजे काम झालं असं नाही. तो आवाजात उतरायचा आहे. बोलण्याआधी शब्दाचे ध्वनी एका जागी क्रमाने मांडून क्षणभर धरून ठेवले जातात, मग ओठ-जीभ हलतात. या जागेला मी 'मांडणी' म्हणतो. छापखान्यात खिळे जुळवून ओळ तयार करायचे आणि मग छापायचे, तशी.

ही मांडणी बिघडलेल्या माणसांच्या बोलण्यात ध्वनींची अदलाबदल होते. मराठीत कल्पना करायची तर 'दरवाजा'चं 'दवराजा' होईल किंवा 'गरवाजा' होईल. खिळे विस्कटतात. आता अशा माणसाने 'सात' म्हणायचं असेल तर काय होईल? आपली अपेक्षा: 'ताट', 'साक' असलं काहीतरी. प्रत्यक्षात तसं होत नाही. लॉरां कोएन, देहेन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९७ मध्ये असा एक रुग्ण वर्णिला. त्याचं बाकीचं बोलणं ध्वनींच्या विस्कटण्यामुळे कळेनासं झालेलं, पण संख्यानामं मात्र स्वच्छ उच्चारलेली. चुकीची असायची, पण स्वच्छ. एका आकड्याच्या जागी दुसरा अख्खा आकडा.

पुढे तेल अवीव विद्यापीठातल्या द्रोर दोतान आणि नामा फ्रीडमन यांनी मांडणी बिघडलेल्या आणखी रुग्णांमध्ये हेच दाखवलं. साध्या शब्दांत ध्वनी बदलतात, संख्यानामांत मात्र संपूर्ण शब्द बदलतो. तशीच वागणूक त्यांना प्रत्ययांत आणि 'आणि', 'पण' यांसारख्या जोडकाम करणाऱ्या शब्दांत दिसली.

स्टेशनवरची रेकॉर्ड केलेली घोषणा आठवा. प्रत्येक गाडीसाठी कोणी नव्याने बोलत नाही. 'एक', 'दोन', 'शून्य' असे तुकडे आधीच रेकॉर्ड केलेले असतात आणि यंत्र ते जोडत जातं. म्हणून तिथे चूक झालीच तर चुकीचा प्लॅटफॉर्म ऐकू येईल, पण 'पाच'चं 'चाप' कधी ऐकू येणार नाही. मेंदू संख्यानामं अशीच वापरतो, तयार ठोकळे म्हणून. कारण उघड आहे: ठोकळे मोजकेच असतात आणि त्यांच्यापासून रोज नवनवी जुळणी करायची असते. दर वेळी खिळ्यापासून सुरुवात कोण करेल?

म्हणून तर आकड्यांच्या चुका ओळखणं इतकं कठीण. 'दवराजा' म्हटलं तर आपलं आपल्यालाच कळतं. ५९ ला 'एकोणपन्नास' म्हटलं तर ऐकणाऱ्याला काहीच खटकत नाही, कारण तोही एक धडधाकट आकडाच आहे. माझ्या त्या चुकीत पुढचा तुकडा 'एकोण' बरोबर आला होता आणि मागचा घसरला होता. डोळ्यांसमोर पाच होता, पाचाने 'पन्नास' जागा केला आणि तो 'साठ'च्या आधी धावत आला. एका माणसाच्या एका घसरणीवरून काही सिद्ध होत नाही म्हणा, पण ठोकळे कुठे जोडलेत ते तिथे दिसतं खरं.

उलटे आकडे आणि 'एकोण'चं कोडं

सत्तावीस लिहिताना आधी २, मग ७. बोलताना आधी 'सत्ता', मग 'वीस'. लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम उलटा. ही फक्त मराठीची खोड नाही. जर्मन, डच, अरबी याही भाषा एकक आधी बोलतात. जर्मनमध्ये सत्तावीस म्हणजे शब्दशः 'सात आणि वीस'.

याची किंमत मोजून पाहिलेली आहे. ऑस्ट्रियातल्या, म्हणजे जर्मन बोलणाऱ्या, पहिलीतल्या मुलांना आकडे ऐकून लिहायला दिले. २००९ मध्ये आलेल्या या अभ्यासात मुलांच्या चुकांपैकी जवळजवळ निम्म्या या उलटापालटीशी संबंधित निघाल्या. याहून चोख तपासणी चेक भाषेत झाली. चेकमध्ये पंचवीसला 'वीस पाच' आणि 'पाच-वीस' दोन्ही म्हणता येतं. मुलं तीच, भाषा तीच, आकडे तेच. उलट्या पद्धतीने सांगितले की चुका जास्त.

आणि नॉर्वेने तर सरळ पद्धतच बदलली. तिथेही पूर्वी 'सात आणि वीस' म्हणत. टेलिफोनचे नंबर लांब होऊ लागले, ते तोंडी सांगताना घोटाळे होऊ लागले, आणि टेलिफोन खात्याच्या आग्रहावरून संसदेने निर्णय घेतला. १९५१ पासून शाळांमध्ये आणि सरकारी कामात 'वीस सात' सुरू झालं. सत्तर वर्षं उलटून गेली, पण नॉर्वेतले कितीतरी लोक आजही बोलण्यात दोन्ही पद्धती मिसळतात. कायद्याने साचा बदलला, जिभेने आपला वेळ घेतला.

आपल्याकडे २०१९ च्या जूनमध्ये काय झालं ते अनेकांना आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात 'सत्तावीस'साठी 'वीस सात' असं वाचन आलं. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. विनोद झाले, विधानसभेत टोलेबाजी झाली, भाषा बुडाली अशी हाकाटीही झाली. मुद्दा मात्र गोंगाटात हरवला. मुद्दा होता जोडाक्षरांचा आणि या उलट्या क्रमाचा, म्हणजे जो प्रश्न नॉर्वेच्या टेलिफोन खात्याला पडला तोच.

मराठीत तर उलटापालट ही निम्मीच अडचण. जर्मन मुलाला निदान 'सात' आणि 'वीस' हे तुकडे स्वच्छ ऐकू येतात. आपले तुकडे वितळून एकमेकांत मिसळलेत. तीन हा 'त्रे'पन्नमध्ये त्रे, 'त्र्या'हत्तरमध्ये त्र्या, 'ते'वीसमध्ये ते. सहा तर 'सव्वीस'मध्ये सव्, 'छत्तीस'मध्ये छ, 'शहात्तर'मध्ये शहा. एकच वस्तू खणातून दर वेळी वेगळा सदरा घालून बाहेर येते. त्यामुळे शंभरपर्यंतचे शब्द नियमाने बनवता येत नाहीत, जवळजवळ सगळे स्वतंत्र पाठ करावे लागतात.

आणि त्यावर कळस 'एकोण'चा. २९, ३९, ४९, ५९: जवळजवळ प्रत्येक दशकाच्या टोकाला बोलणं अचानक बेरजेकडून वजाबाकीकडे वळतं आणि पुढच्या दशकाचं नाव उसनं घेतं. माझ्या भाचीने 'साठ' ऐकून सहा लिहिला, त्यात तर्काची चूक काहीच नव्हती. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट या सगळ्यांत साठ ऐकू आला की सहा लिहायचा असतो. एकट्या एकोणसाठनेच तिला फसवलं.

"आम्ही शिकलोच की, आम्हाला कुठे त्रास झाला?"

हा आक्षेप नेहमी येतो. त्रास झाला, पण आता आठवत नाही, हे एक उत्तर. दुसरं उत्तर असं की थोडासा अजूनही होतो. हान्स-क्रिस्टोफ न्युएर्क आणि सहकाऱ्यांनी प्रौढांना दोन संख्यांमधली मोठी ओळखायला सांगितली. ४२ आणि ५७ सोपी जोडी: दशकही मोठा, एककही मोठा. ४७ आणि ६२ मध्ये दशक बघून ६२ मोठी, पण एककांत ७ हा २ पेक्षा मोठा. इथे लोक किंचित रेंगाळतात. खरं तर एककाकडे बघायची गरजच नसते. तरीही हा परिणाम दिसतो, आणि इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा जर्मन बोलणाऱ्यांत तो अधिक दिसला. फरक लहानच, सेकंदाच्या छोट्या अंशांचा. पण तोंड बंद असताना, नुसते अंक बघतानाही बोलण्याची सवय मध्ये डोकावते, हे त्यातून कळतं.

आकडा बोलायला तो समजावा लागतो का?

संशोधकांत याच्यावर बरीच वर्षं घासाघीस चालली आहे. एका पक्षाचं म्हणणं, अंक पाहिला की आधी त्याचा अर्थ, म्हणजे 'उंची', आणि मग नाव. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, चेहऱ्यावरून थेट नावाकडे जाणारी आडवाटही आहे. मला विचाराल तर दोन्ही वाटा आहेत, आणि कोणती धरायची ते काय बोलायचं आहे यावर ठरतं.

नेदरलँड्समध्ये म्युविसेन, रुलॉफ्स आणि लेव्हेल्ट यांनी २००३ मध्ये छापलेला प्रयोग याच्यावर फार छान बोट ठेवतो. लोकांना स्क्रीनवर २४५ दाखवायचं आणि घरनंबर म्हणून वाचायला सांगायचं: दोनशे पंचेचाळीस. किंवा २:४५ दाखवायचं आणि वेळ सांगायला लावायची. डचमध्ये ती वेळ बोलतात 'तीनला पाव कमी'. घरनंबर वाचायला लागणारा वेळ शब्द किती लांब, किती वापरातले, यावर ठरत होता, म्हणजे नुसत्या शब्दांच्या जुळणीवर. वेळ सांगताना मात्र अर्थाचा टप्पाही मध्ये येत होता.

मराठी माणसाला हा प्रयोग स्वतःवरच करून बघता येतो. २:४५ ला 'दोन पंचेचाळीस' म्हणा. आता 'पावणेतीन' म्हणा. पहिल्यात डोळ्यांनी दिलेले अंक जिभेने पुढे ढकलले. दुसऱ्यात काटा तीनच्या दिशेने कुठवर आलाय हे डोक्यात उमटल्याशिवाय शब्द सापडत नाही, कारण स्क्रीनवर तीन कुठेच नाही. सव्वा, दीड, अडीच, पावणे हे सगळे अर्थाच्या वाटेने येणारे शब्द. डिजिटल घड्याळावर वाढलेली मुलं 'पावणेतीन' ऐकून क्षणभर थांबतात, ती त्या वळणावर.

उलट दिशेची वाहतूक: बोलण्याचा गणितावर परिणाम

इथवर संख्या बोलण्यात कशी उतरते ते पाहिलं. बोलणंही संख्येला वळण लावतं.

फोन नंबर ऐकून लिहायला पेन सापडेपर्यंत आपण तो मनात घोळवतो. हे घोळवणं म्हणजे आवाज न काढता बोलणंच. ॲलन बॅडली आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवलं की या घोळवण्यात साधारण दोन सेकंदांत उच्चारता येईल एवढंच मावतं. म्हणजे मर्यादा आकड्यांच्या संख्येवर नाही, उच्चाराच्या लांबीवर आहे. वेल्श भाषेतली अंकांची नावं उच्चारायला इंग्रजीपेक्षा वेळ जास्त लागतो, आणि एलिस व हेनेली यांना १९८० मध्ये आढळलं की तीच दुभाषिक माणसं वेल्शमध्ये इंग्रजीपेक्षा कमी अंक लक्षात ठेवू शकतात. तोंडाने सतत निरर्थक काही बोलायला लावून घोळवणं बंद पाडलं, तेव्हा हा फरक नाहीसा झाला. याच हिशेबाने मराठीचे सुटे अंक नशीबवान: एक, दोन, तीन, चार, पाच, सात, आठ, बहुतेक सगळे एका झटक्यात संपणारे.

पाढ्यांचंही असंच. 'सात आठे छपन्न' हे आपण मोजत नाही, म्हणतो. तो एक छोटासा उच्चार आहे, ओळीसारखा पाठ. कोरियातल्या ली आणि कांग यांनी २००२ च्या प्रयोगात लोकांना मनातल्या मनात काही शब्द घोळवत गणितं सोडवायला लावली. गुणाकार मंदावला, वजाबाकीला फारसं काही झालं नाही. मनात एक चित्र धरून ठेवायला लावलं तेव्हा उलटं: वजाबाकी अडली, गुणाकार सुटला. शेजारी कोणी मोठ्याने बडबडत असेल तेव्हा पाढा अडखळतो, तो यामुळे.

दोन भाषांत वावरणाऱ्यांसाठी यात एक गोम आहे. देहेन, एलिझाबेथ स्पेल्के आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये रशियन-इंग्रजी दुभाषिकांना एका भाषेत काही नव्या बेरजा शिकवल्या. नंतर दुसऱ्या भाषेत विचारल्या तर नेमकं उत्तर द्यायला वेळ जास्त लागला. अंदाजे उत्तर द्यायचं असेल तर मात्र भाषा बदलून काहीच फरक पडला नाही. अंदाज 'उंची'त राहतो, नेमकेपणा नावांना चिकटतो. इंग्रजी माध्यमात शिकलेला मुलगा 'सदुसष्ट' ऐकून 'म्हणजे सिक्स्टी सेव्हन ना?' असं विचारतो. त्याची नेमकी गणितं ज्या खणात आहेत, त्या खणाची किल्ली तो मागत असतो.

मग भाषा नाही तर गणितही नाही?

असा निष्कर्ष काढायचा मोह होतो, पण तो खरा नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मुंडुरुकू लोकांच्या भाषेत साधारण पाचापर्यंतच शब्द आहेत. २००४ च्या अभ्यासात त्यांनी मोठ्या ठिपक्यांच्या ढिगांची तुलना उत्तम केली. अडले ते नेमक्या वजाबाकीत. तिथल्याच पिराहा लोकांच्या भाषेत नेमक्या संख्यांना शब्दच नाहीत. समोरच्या वस्तूंच्या रांगेला जोडीस जोड वस्तू ते बिनचूक लावतात. वस्तू झाकून, आठवणीवर विसंबून लावायला सांगितलं की घोटाळा होतो. म्हणजे संख्यानाम हे एक साधन आहे, नेमका आकडा काळातून आणि नजरेआडून न सांडता वाहून नेणारं.

आणि एकदा गणित बसलं की साधन हरवूनही ते टिकू शकतं. रोझमेरी वार्ली यांच्या गटाने २००५ मध्ये तीन रुग्णांचा अभ्यास छापला. भाषेचं व्याकरण त्यांच्या हातून पार निसटलेलं, कर्ता कोण नि कर्म कोण हेही वाक्यातून उमगत नव्हतं. पण कंसांची गणितं ते सोडवत होते.

आकडा सांगायचा कसा?

विमानांच्या रेडिओवर हा प्रश्न कधीच सोडवून टाकलाय. तिथे बहुतेक आकडे अंक सुटे करून बोलतात, आणि उच्चारही मुद्दाम वाकवलेले: 'नाइन'चं 'नायनर', 'थ्री'चं 'ट्री', 'फाइव्ह'चं 'फाइफ', म्हणजे खरखरीत एकाचा दुसरा होऊ नये. आपल्याकडे 'सात', 'साठ', 'आठ' आणि 'सहा', 'दहा' या जोड्या फोनवर तेवढ्याच दगाबाज आहेत.

जोडीजोडीने सांगण्यात शब्द निम्मे होतात, हे खरं. पण प्रत्येक जोडीमागे ऐकणाऱ्याला खण उघडा, क्रम उलटवा, 'एकोण' असेल तर एक दशक मागे या, एवढा व्याप करावा लागतो. तेव्हा ओटीपी, खातेनंबर, औषधाचं प्रमाण हे सगळं अंकाअंकानेच सांगावं, मराठीत असो की इंग्रजीत. त्यासाठी त्र्याऐंशी आणि सत्तेचाळीस मोडीत काढायची गरज नाही. पहिली-दुसरीत 'वीस सात' हा जिना म्हणून वापरावा आणि 'सत्तावीस'पर्यंत चढावं, एवढंच माझं म्हणणं.

भाचीला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग वहीच्या मागच्या पानावर एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असं लिहीत एकोणनव्वदपर्यंत गेली आणि थांबली.

"मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?"

संस्कृतात दोन्ही होते, मी म्हणालो: नवनवति आणि एकोनशत. तसे एकोणनव्वदलाही दोन होते, नवाशीति आणि एकोननवति. मराठीने तिथे 'एकोन' उचललं आणि इथे 'नव'. हिंदीने दोन्हीकडे 'नव' घेतलं. त्यांचं नवासी, निन्यानवे.

"म्हणजे त्यांचं तरी धड आहे," ती म्हणाली. मग थोडा विचार करून, "पण ऐकताना 'नवासी'त मला नव्वद ऐकू येतंय. मी एक्क्याण्णवच्या आसपास काहीतरी लिहिलं असतं."